मागची सीट

पहिल्या तासाला मॅडमनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली. रेघेच्या दोन टोकांना दोन गोल काढले. ही बोलणारी दोन माणसं. मग रेघेच्या खालच्या बाजूला एक चौकोन काढला, हा कॅमेरा. कॅमेरा रेघेच्या याच बाजूला राहिला, तर एक माणूस उजवीकडे बघताना दिसेल आणि दुसरा डावीकडे. दोघांचे शॉट वेगवेगळ्या दिवशी घेतलेले असले तरी एकापुढे एक ठेवले की पाहणाऱ्याला वाटेल, दोघं एकमेकांकडेच बघताहेत. कॅमेऱ्यानं रेघ ओलांडली की दोघंही एकाच बाजूला बघू लागतील आणि सगळं बोंबलेल. मॅडम 'बोंबलेल' म्हणाल्या नव्हत्या, पण अर्थ तोच होता.

एवढंच ना, असं मला वाटलं. मला सगळंच आधी सोपं वाटतं आणि मग ते जमलं नाही की माझी चिडचिड होते. आई म्हणते, हा गुण मी बाबांच्या घराण्याकडून घेतला.

नागपुरात मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रत्येकानं तीन-चार मिनिटांची एक फिल्म करायची होती. एक माणूस घरातून निघतो, कुठेतरी पोचतो, तिथे दुसऱ्या माणसाशी बोलतो. बस. संगीत नाही, निवेदन नाही. फक्त तुकडे असे जोडायचे की हे तुकडे आहेत याचा पाहणाऱ्याला पत्ताच लागू नये. यालाच कंटिन्युटी म्हणतात. माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी आपापल्या मित्रमैत्रिणींना धरून कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये फिल्मा उरकल्या. मी मात्र गावी जाऊन करायचं ठरवलं, कारण घरातून निघणारा माणूस म्हटला की मला बाबाच दिसत होते, आणि त्यांच्याशी बोलणारा माणूस म्हटला की काका.

काका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे सोबती. नात्यातले नाहीत, पण मी जन्मल्यापासून त्यांना काकाच म्हणते. आमचं गाव वरठीपासून जवळ आहे आणि दोघंही वरठीच्या पोलादाच्या कारखान्यात आहेत. गाडी बाबांकडे होती. काका रोज सकाळी डब्ब्याची पिशवी घेऊन चालत आमच्या दारात यायचे, आणि दोघं एका गाडीवर निघायचे. बाबा पुढे, काका मागे. मी लहान होते तेव्हा शाळेपर्यंत पुढे पेट्रोलच्या टाकीवर मी असायची. माझे बाबा घरात महामौनी आहेत. भाजीत मीठ नसलं तरी बोलणार नाहीत, गुपचूप उठून घेतील. पण गाडीला किक मारली की त्यांचं तोंड सुरू व्हायचं. कुणाच्या धानाच्या बांधीत पाणी शिरलं, फाटकावर मालगाडी किती वेळ उभी होती, कुणाच्या पोरानं काय दिवे लावले, सगळं. माझ्या डोक्यावरून त्यांचा आवाज जायचा आणि मी ऐकत राहायची. माझ्यापुरता बोलणारा बाबा हा गाडीवरचाच होता.

मग काकांच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली आणि त्यानं वडिलांना नवीकोरी गाडी घेऊन दिली. ती सकाळ मला नीट आठवते, कारण मी दारातच ब्रश करत उभी होते. काका नेहमीच्या वेळी आले, पण चालत नाही. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि काकांच्या अंगावर लग्नात घालतात तो शर्ट. आळीतली चार माणसं गाडी बघायला जमली. काका खाली न उतरताच बाबांना म्हणाले, चल, आज तू मागं बस. बाबांनी डब्बा आपल्या हँडलला अडकवला. मला मागं बसणं जमत नाही म्हणाले, तू हो पुढं, आणि स्वतःच्या गाडीला किक मारून तेच पुढे निघून गेले.

एवढंच झालं. दुसऱ्या दिवसापासून एका गावातून एका कारखान्यात दोन गाड्या जाऊ लागल्या, दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे. भांडण झालं असतं तर कुणी मध्ये पडून मिटवलं असतं. भांडण झालंच नव्हतं, त्यामुळे मिटवायचं काय हे कुणालाच कळेना. लग्नाकार्यात समोर आले की दोघं मान हलवायचे. काका आमच्या दारात आले नाहीत, बाबा त्यांच्याकडे गेले नाहीत. दीड-दोन वर्षं अशीच गेली. बाबा गाडीवरसुद्धा बोलायचे बंद झाले, बोलणार कुणाशी? मला हे सहन होत नव्हतं. माझ्या हातात काही नव्हतं आणि तरी मला दोघांचाही राग यायचा.

म्हणून मॅडमची ती रेघ मला भलतीच आवडली होती. दोन माणसं एकत्र न येताही बोलताना दाखवता येतात, म्हणजे माझं कामच झालं. बाबांची सुट्टी रविवारी, काकांची गुरुवारी. बाबांना मी सांगितलं, समोरचा माणूस नंतर बघू. काकांनाही तेच सांगितलं. दोघांनीही पुढे काही विचारलं नाही, त्यावरून दोघांनाही कळलं असणार, असं आता वाटतं. आईनं मात्र मला चुलीपाशी गाठून दटावलं, की या दोघांच्या मध्ये तू पडू नको.

शूटिंग माझ्या फोनवर. फोन लावायची तिपाई मैत्रिणीची. मदतीला आई, कारण दुसरं कोणी नव्हतं. बाबा घरातून निघतात, गाडी काढतात, फाटकाजवळून जातात, रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर बसतात. टपरीच्या मागे धानाची बांधी होती, पिवळीधम्मक, कापणीला आलेली. मला वाटलं, वा, काय फ्रेम आहे. बाबांच्या शर्टावर खिशाच्या खाली ग्रीसचा एक डाग होता, तोही मला आवडला. संवाद मी लिहिले होते. 'तुम्ही केव्हा आलात?' 'आत्ताच आलो.' 'फाटक बंद होतं का?' असे. बाबांनी कागद हातात घेतला, वाचला, माझ्याकडे असं बघितलं की हे कोण बोलतं बाई, आणि म्हणाले, 'कधीचा बसला गा?' मी म्हटलं, हेच असू द्या.

खरी अडचण नजरेची आली. काकांचे डोळे जिथे असतील तिथे, कॅमेऱ्याच्या उजवीकडे, मी स्टुलावर पाण्याची बाटली ठेवली होती. बाबांनी बाटलीकडे बघून बोलायचं होतं. बोलणं सुरू होईपर्यंत ते इमानदारीनं बाटलीकडे बघायचे. तोंड उघडलं की मान डावीकडे. नजर लांब रस्त्यावर असल्यासारखी, आणि शब्द खांद्यावरून मागे टाकल्यासारखे. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मी चिडले, आईनं मला गप्प केलं, ऊन सरकायला लागलं. शेवटी मी मनाशी म्हटलं, मोठे कलाकार असाच अभिनय करत असतील, आणि पुढे गेले.

त्यानंतरच्या गुरुवारी मी नागपूरहून येऊ शकले नाही, परीक्षा होती. काकांचं शूटिंग आणखी एका आठवड्यानं झालं. बाटली या वेळी कॅमेऱ्याच्या डावीकडे. काकांनी डावीकडेच बघितलं, पण सरळ बसून नाही. सगळं अंग पुढे झुकवून, हनुवटी वर करून, जणू कुणाच्या तरी आडून समोरचं बघायचं आहे. काका, आरामात बसा ना, असं मी किती वेळा म्हटलं असेल. आरामातच बसलो आहे, असं ते म्हणायचे. बोलताना मात्र छान बोलले. 'आताच आलो. फाटक लागलं होतं.' अगदी सहज.

एडिटिंगला बसले तेव्हा होस्टेलच्या खोलीत माझ्या एकेक चुका माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. बाबांचा टपरीत शिरतानाचा शॉट मी दुसऱ्या दिवशी सकाळी, ते कामावर निघण्याआधी घेतला होता, आणि मधल्या रात्री आईनं तो शर्ट धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. पोरीच्या सिनेमात बाप मळका कशाला दिसावा, हा तिचा विचार. म्हणजे माझा माणूस डाग घेऊन टपरीच्या दारापर्यंत येतो आणि स्वच्छ होऊन आत शिरतो. त्याहून वाईट म्हणजे, मधल्या दिवसांत हार्वेस्टर येऊन बांधी कापून गेला होता. बाबा विचारतात, कधीचा बसला गा, तर त्यांच्या मागे धान उभं. काका म्हणतात, आताच आलो, तर त्यांच्या मागे नुसती खुंटं. एका प्रश्नाच्या उत्तरात अख्खी बांधी कापून होते. धानाच्या मुलखात जन्म गेला आणि धान कापतात हे मी विसरले.

मॅडमनी वर्गात फिल्म लावली तेव्हा धानावर सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दोघांच्या बोलण्यापाशी फिल्म थांबवली, मागे नेली, पुन्हा लावली. "ही दोघं कुणाशी बोलताहेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकमेकांशी. त्या म्हणाल्या, बघ बरं नीट. आणि पडद्यावर मला दिसलं की बाबा डावीकडे बघताहेत, आणि काकाही डावीकडेच.

मी रेघ ओलांडली, असं सगळ्यांचं मत पडलं. मी नाही ओलांडली म्हणून भांडले. मॅडमनी शांतपणे सुचवलं, वडिलांचा शॉट आडवा उलटा करून बघ, आरशात दिसतो तसा. त्याच रात्री करून बघितलं. बाबा उजवीकडे बघू लागले खरे, पण त्यांचा खिसा उजव्या छातीवर गेला, घड्याळ दुसऱ्या हातात गेलं, आणि मागची 'चहा, नाश्ता'ची पाटी कुणालाच वाचता येईना. मी तो शॉट पुन्हा सरळ केला.

मॅडम दुसरी एक गोष्ट म्हणाल्या होत्या आणि ती माझ्या डोक्यातून जात नव्हती. त्या म्हणाल्या, नजरा दुरुस्त झाल्या तरी हे दोघं एका ठिकाणी आहेत यावर माझा विश्वास बसत नाही. "एकदा तरी दोघांना एका फ्रेममध्ये दाखव. एकदा दाखवलं की मग पुढचं सगळं मी मानीन." फिल्म जमा करायला दोन आठवडे होते. म्हणजे मला एकच शॉट हवा होता, आणि नेमका तोच मिळणं कठीण होतं.

शनिवारी घरी आले. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाबांना म्हटलं, टपरीवर दोघांना बसवून एक शॉट घ्यायचा आहे. दोघं म्हणजे कोण हे त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या कुणाला तरी घे, म्हणाले आणि पेपर उघडला. मला आला राग. लॅपटॉप आणून त्यांच्या पेपरवरच ठेवला. म्हटलं, हे बघा, तुमच्यामुळे माझी फिल्म कशी झाली आहे ती. बाटलीकडे बघा म्हणून ओरडून ओरडून माझा घसा बसला, आणि तुम्ही बघता कुठे तर भलतीकडेच.

बाबांनी चष्मा लावला. फिल्म बघितली. धान गायब झालं तेव्हा आई हसली, बाबा नाही हसले. संपल्यावर म्हणाले, पुन्हा लाव. पुन्हा लावली. बोलण्याच्या जागी त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितलं. पडद्यावर काका होते. अंग पुढे झुकलेलं, हनुवटी वर, नजर डावीकडे.

"हा तं मांगं बसला आहे," बाबा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी स्वतःच्या शॉटकडे बोट केलं, मग काकांच्या. आणि मला दिसलं. बाबा गाडी चालवत होते. समोर रस्त्यावर नजर ठेवून, मान किंचित वळवून, खांद्यावरून मागच्याशी बोलत होते. आणि काका त्यांच्या मागून, डाव्या खांद्याच्या आडून, वाकून समोर बघत होते. एकमेकांशी बोला म्हटल्यावर दोघांचंही अंग आपोआप त्या गाडीवर जाऊन बसलं होतं. वर्षानुवर्षं बोलले ते असंच. समोरासमोर बसून बोलायची त्यांना कधी वेळच आली नव्हती. मी मात्र त्यांना बाटली दाखवत होते.

मी विचारलं, मग त्या दिवशी मागं बसला का नाहीत तुम्ही? आई दारातून माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. मला वाटलं, आता हे उठून जातील. पण ते म्हणाले, "जवरिक मी गाडी चालवत होतो, तवरिक तो रोज आपल्या दारात येत होता. त्याची गाडी आली, मंग त्याले मी कायले पाहिजे?"

माझ्या बाबांना असं काही वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, त्यांचा अहंकार दुखावला. इतकी वर्षं चालवणारा माणूस मागं कसा बसेल. तसं थोडं असेलही. पण ते घाबरले होते. आता आपली गरज नाही, हे दुसऱ्यानं सांगायच्या आत आपणच पुढे निघून जावं, असं त्यांनी केलं होतं. मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं आणि मी जाऊन बसले. आमच्या घरात असलं काही करायची पद्धत नाही, म्हणून मी लॅपटॉप बंद करायचं निमित्त केलं.

संध्याकाळी मी काकांकडे गेले. काकांनाही फिल्म दाखवली. स्वतःचं तोंड बघून ते आधी लाजले, मग पडद्यावर बाबा आले तसे जवळ सरकले. यानं बघितलं का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ते हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेले ते लवकर आलेच नाहीत. काकू माझ्यासाठी चहा टाकत होत्या. त्या म्हणाल्या, तुला त्या दिवसाचं खरं काय ते माहीत नाही. गाडीची पूजा हनुमानाच्या देवळात झाली. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, पेढे वाटले. घरी जायला म्हणून काकू मागे बसायला गेल्या तर काकांनी त्यांना बसू दिलं नाही.

"मले म्हने, पयले थो बसन मांगं, मंग दुसरं कोनी. इतके वर्स त्याच्या मांगं बसलो. पयली सीट त्याची." काकूंनी गाळणी झटकली. "नवी गाडी घरची, अन् मी देवळातून पायी आली."

त्या हसत सांगत होत्या, पण मला हसू आलं नाही. काका त्या सकाळी गाडी मिरवायला आलेच नव्हते. पहिली सीट द्यायला आले होते, आणि ती चार माणसांसमोर परत गेली.

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. बाबा चपलेचा तुटलेला अंगठा शिवत बसले होते. चप्पल शिवून झाली तरी ती हातातच धरून बसले. आई म्हणाली, आता पुरे, आणि दिवा लावायला उठली. माझी फिल्म तर गेलीच, असं समजून मी सोमवारी पहाटेच्या गाडीनं नागपूरला गेले.

बुधवारी काकांचा फोन आला. त्यांनी याआधी मला कधी फोन केला नव्हता. या आठवड्यात सुट्टी रविवारी बदलून घेतली आहे, म्हणाले, तुझं ते टपरीचं काम असेल तर बघ. बाबांना विचारलं का, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघांपैकी कुणीतरी नक्की माघार घेतली असती.

रविवारी सकाळी घरात 'टपरीवर शूटिंगला जाते' एवढंच सांगून मी टपरीसमोर तिपाई लावली. बाबा आले आणि बाकाच्या एका टोकाला बसले. मग काका आले, गाडी बाजूला लावली आणि दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये तिसरा माणूस बसेल एवढी जागा. दोघंही अंघोळ करून, केस चापून बसवून आले होते, आणि फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे ताठ. फ्रेममध्ये दोघं. दोघं. मी फोनच्या पडद्यावर ते बघितलं आणि मला ॲक्शन म्हणायचंसुद्धा भान राहिलं नाही. टपरीवाल्यानं मध्ये चहाचे दोन ग्लास आणून ठेवले.

मी ॲक्शन म्हटलं. काही झालं नाही. बाबांनी 'कधीचा बसला गा' म्हणायचं होतं. ते रस्त्याकडे बघत बसले. काकाही रस्त्याकडे बघत बसले. एक ट्रॅक्टर गेला. दोन सायकलवाले गेले. चहावर साय धरायला लागली. मी मनात म्हणत होते, बोला हो, एक वाक्य आहे, मीच लिहिलंय, सोपं आहे.

बाबांनी खाकरून घसा साफ केला. काकांकडे न बघताच म्हणाले, "चाबी कुठं आहे?"

काकांनी खिशात हात घातला, किल्ली काढली आणि बाबांपुढे धरली. त्यांना वाटलं, बाबांना गाडी चालवून बघायची आहे. इतकी वर्षं चालवणारे तेच होते, किल्ली दुसऱ्या कुणाला द्यायची असते हे काकांच्या डोक्यातच आलं नसावं. बाबा उठून उभे राहिले.

"मले कायले देऊन राहिला? तू चालव. मी मांगं बसतो."

काका किल्ली हातात धरून तसेच बसले होते. मग घाईनं उठले, इतक्या घाईनं की बाकाचं दुसरं टोक हललं आणि चहा सांडला. गाडी स्टँडवरून काढली, चालू केली. बाबांना मागं बसता येत नाही, हे त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. आधी चुकीच्या बाजूनं चढायला गेले. मग पाय ठेवायची दांडी त्यांना सापडेना, तेव्हा काकांनी वाकून हातानं ती उघडून दिली. हात कुठे धरायचे तेही कळेना; मागे लोखंडाला धरलं, मग मांडीवर ठेवले. गाडी जरा हिसका देऊन निघाली तसा त्यांचा एक हात काकांच्या खांद्यावर गेला, आणि तो तिथेच राहिला. दोघं वरठीच्या रस्त्याला लागले. कुठे जाताय, केव्हा येणार, मला कुणी काही सांगितलं नाही.

फोन वळवून हे सगळं टिपायचं माझ्या लक्षातच आलं नाही. मी नुसती उभी राहून बघत होते आणि रडत होते. टपरीवाल्यानं विचारलं, काय झालं बाई. मी म्हटलं, काही नाही, शूटिंग चालू आहे.

त्या फिल्मचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. समोरासमोरचे सगळे शॉट मी काढून टाकले. धानाचा घोळही त्याबरोबर गेला. उरलं ते एवढंच: बाबा घरातून निघतात, टपरीवर येतात, दोघं एका बाकावर बसतात, चहा निवतो. मग किल्लीचं बोलणं ऐकू येतं, दोघं फ्रेमच्या बाहेर जातात, आणि रिकामं बाक आणि सांडलेला चहा दिसत राहतो, मागे गाडीचा आवाज लांब जातो. मॅडम म्हणाल्या, गाडीवर बसतानाचा शॉट कुठे आहे? मी म्हटलं, घेतला नाही. त्या म्हणाल्या, घ्यायला हवा होतास. मार्क बेताचे मिळाले आणि ते बरोबरच होते.

बाबा त्या रविवारी जेवणाच्या वेळेला घरी आले. काका आत आले नाहीत, दारातूनच हात करून गेले. बाबा हातपाय धुऊन पाटावर बसले. अर्धी भाकर खाल्ली. मग हात थांबवून आपणहून बोलायला लागले. घरात, जेवताना.

"मांगं काहीच आयकू येत नाई," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं आश्चर्य होतं. "तो चालवत होता, बोलत होता. मले एक शब्द आयकू नाही आला. हवाच एवढी लागते."

आई म्हणाली, मग तुम्ही इतकी वर्षं जे बोलत होता ते?

बाबा म्हणाले, तेच तर विचारलं त्याला. फाटकावर गाडी थांबली तेव्हा विचारलं, की मी रोज एवढं बोलायचो, तुला ऐकू यायचं का? तो म्हणाला, नाही, कधीच नाही. बाबा सांगता सांगता हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी डाव्या हातानं डोळे पुसले.

"मी म्हटलं, मंग तू दरवेळी हो हो काहून म्हनत होता गा? तं तो म्हनते, तू बोलून राहिला होता ना."